देऊळ पाहिलं की ‘देऊळ’ पाहिला?

विचारा म्हणजे सांगते : वाचकांच्या शंका

दिवाळी अंकासाठी वाचकांकडून चित्रपट-परीक्षणं हवी आहेत, असं संपादकांनी मागच्या अंकात छापलं आणि माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग लागला. सिनेमा चांगला की वाईट हे कसं ठरवायचं, असं एकानेही विचारलेलं नाही. त्याबाबतीत सांगली-साताऱ्यात सगळे ठाम आहेत. शंका आहेत त्या अवतरणचिन्हांच्या, टिंबांच्या, कंसांच्या. जिचं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं, त्या बाईला आणखी काय हवं? बऱ्याच पत्रांतला प्रश्न एकच आहे, म्हणून निवडक पत्रं घेते. उरलेल्यांनी रुसू नये.

*

विट्याहून एक कॉलेजकुमार लिहितात :

“मॅडम, मी देऊळ या सिनेमावर लिहितोय. ‘देऊळने’ असं लिहिलं तर आमचे सर म्हणतात, मराठीत सामान्यरूप होतं, ‘देवळाने’ लिही. तसं लिहिलं की मित्र हसतात. कुणाचं ऐकू?”

मित्रांचं. सरांचा नियम चुकीचा नाही, फक्त तो गावातल्या देवळाला लागू होतो, उमेश कुलकर्णींच्या सिनेमाला नाही. सिनेमाचं नाव हे विशेषनाम. दिग्दर्शकाने पडद्यावर जे ठेवलं, ते जसंच्या तसं राहायला हवं. ते एकेरी अवतरणचिन्हांत ठेवायचं, आतल्या अक्षराला हात लावायचा नाही आणि प्रत्यय बंद होणाऱ्या चिन्हाला चिकटवून लिहायचा : ‘देऊळ’ने, ‘देऊळ’चा, ‘देऊळ’मध्ये. मध्ये जागा सोडायची नाही.

हे न पाळल्यावर काय होतं बघा. “देवळाने २०११ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.” वाचक म्हणेल, पुजाऱ्याने अर्ज केला होता की काय? “कोर्टाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार पटकावला.” कोर्ट पुरस्कार कधीपासून घ्यायला लागलं? पटकावला तो चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने. आणि माझं लाडकं उदाहरण : “शेजाऱ्याने १९४१ साली हिंदू-मुस्लिम सलोख्याचा विषय हाताळला.” कुठल्या शेजाऱ्याने? आमच्या गावभागातल्या? व्ही. शांताराम यांच्या ‘शेजारी’ने हाताळला, असं लिहिलं की प्रश्नच मिटतो.

‘त’, ‘स’ असे काना-मात्रा नसलेले प्रत्यय मात्र जपून वापरा. ‘कोर्ट’त, ‘सैराट’स असं छापलं की ते एकटं अक्षर बाहेर लोंबकळताना दिसतं. तिथे ‘कोर्ट’मध्ये किंवा ‘सैराट’ला असं लिहावं, नाहीतर ‘या चित्रपटात’ म्हणून मोकळं व्हावं. काही सिनेमांच्या नावातच चिन्ह असतं. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!’ यातलं उद्गारचिन्ह नावाचा भाग आहे, ते गाळता येत नाही. आणि त्याच्या पाठीला ‘ने’ लावला तर कंपोझिटर शिव्या देईल. अशा वेळी ‘या चित्रपटाने’ हाच राजमार्ग.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते, कारण तुमच्या मसुद्यात मला ते दिसलं. तुम्ही एके ठिकाणी लिहिलंय, “मी देऊळ पाहिलं.” ते गावचं देऊळ झालं. चित्रपट पुल्लिंगी, सिनेमाही पुल्लिंगी. म्हणून “मी ‘देऊळ’ पाहिला.” नावाचं स्वतःचं लिंग काहीही असो, क्रियापद चालतं ते चित्रपटाच्या लिंगाने. बोलताना आपण हे न शिकता बरोबर करतो. “श्यामची आई पाहिला का?” असं विचारताना कुणाची जीभ अडखळत नाही. लिहायला बसलं की मात्र व्याकरण आठवतं आणि ‘पाहिली’ होतं.

हे सांगलीत तर जास्तच सांभाळायला हवं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा सिनेमाचा जन्मही झाला नव्हता. आपल्याकडे एकाच नावाचं नाटक आणि सिनेमा दोन्हींवर एका दमात बोलणारे लोक घरोघर आहेत. नाटक नपुंसकलिंगी. तेव्हा “‘नटसम्राट’ पाहिलं” म्हणजे शिरवाडकरांचं १९७०चं नाटक, आणि “‘नटसम्राट’ पाहिला” म्हणजे महेश मांजरेकरांचा २०१६चा चित्रपट. ‘कट्यार काळजात घुसली’चंही तेच : नाटक पाहिलं, सिनेमा पाहिला. आनंद यादवांची ‘नटरंग’ वाचली, रवी जाधवांचा ‘नटरंग’ पाहिला. मालिका असेल तर पाहिली. एका क्रियापदाने वाचकाला सगळं कळतं, वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. ही सोय इंग्रजी परीक्षणाला नाही, आपल्याला आहे, तर वापरा की!

माणसाच्या नावावर सिनेमा असेल तर आणखी एक खूण मिळते. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. “संत तुकारामांनी व्हेनिसच्या महोत्सवात नाव कमावलं” असं वाक्य मी एकदा मुद्रितात पाहिलंय. तुकोबा गेले ते वैकुंठाला, व्हेनिसला नाही. माणसाला आदरार्थी बहुवचन लागतं, सिनेमाला लागत नाही. संत तुकारामांनी अभंग लिहिले. ‘संत तुकाराम’ने नाव कमावलं.

*

विश्रामबाग, सांगली येथून एक वाचक :

“इंग्रजी परीक्षणांत चित्रपटाचं नाव तिरक्या ठशात असतं. मग मराठीत अवतरणचिन्हं कशाला? तिरकं केलं की झालं.”

होत नाही. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात आणि तिरक्या ठशाची परंपरा आपल्या छपाईत रुजली नाही. संगणक तुमच्यासाठी अक्षर ओढून वाकडं करतो आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर कलंडते. एकेरी अवतरणचिन्ह पुरे. ठळक ठसा श्रेयनामावलीत एकदा चालेल. ठळकही आणि अवतरणातही, असं दुहेरी नको.

हाताने लिहिणाऱ्यांना वेगळी विनंती : नावाखाली रेघ मारू नका. ‘कुंकू’ या नावाखाली रेघ मारून बघा. दोन्ही उकार रेघेत जातात आणि ऱ्हस्व कुठला, दीर्घ कुठला, हे अक्षर जुळवणाऱ्याने अंदाजाने ठरवायचं.

*

मिरजेहून एक आजी :

“नातीने माझं परीक्षण मोबाइलवर टाइप करून दिलं. ते वाचून आमचे हे म्हणाले, ‘दिग्दर्शकः, लेखकः, कलाकारः... हे परीक्षण आहे की रामरक्षा?’ काय चुकलंय?”

काकांच्या नजरेला दाद द्यायला हवी. नातीने अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाइप केलाय. दोन्ही दिसतात दोन टिंबं, पण विसर्ग अक्षराचा भाग असतो आणि तो उच्चारावा लागतो. म्हणूनच मराठी छपाईत अपूर्णविरामाआधी थोडी जागा सोडायची पद्धत आहे : ‘दिग्दर्शक :’ असं. मग तो विसर्ग वाटत नाही.

उलटी चूक याहून वाईट. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकतात. कागदावर कळत नाही, पण ओळ संपायला आली की संगणक शब्द तिथेच तोडतो, ‘दु’ वरच्या ओळीत आणि ‘ख’ खाली. दुःखाचे असे दोन तुकडे मी पुष्कळ जुळवलेत. नातीला म्हणावं, विसर्गाची कळ वेगळी आहे, ती शोध.

आणि आजी, श्रेयनामावलीत नाव कुठून घ्यायचं हेही सांगते. पोस्टरवरून नको. पोस्टरवर नाव सजवलेलं असतं, काना मात्रा कुठेही उडालेला असतो. सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं तेव्हा पॉपकॉर्न बाजूला ठेवून ते वाचा. नाव, भाषा, लांबी, वर्ग सगळं त्यावर असतं. वर्ग लिहिताना हल्ली नुसतं ‘यूए’ लिहून भागत नाही. २०२४च्या नियमांपासून त्यात यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे भाग झालेत. नातवंडांना घेऊन जाणारे वाचक आधी तेच शोधतात.

*

कराडहून एक गृहस्थ :

“सिनेमा पाहून जे वाटतं ते एका उद्गारचिन्हात मावत नाही. तीन दिली तर काय बिघडतं? सोबत माझ्या परीक्षणाची सुरुवात पाठवतोय. त्यावरून सांगा.”

सुरुवात अशी आहे, जशीच्या तशी :

“काल 'श्यामची आई ' बघितली !!! शेवटी अक्षरशः अश्रुंचा पूर आला......काय तो अभिनय,काय ते छायाचित्रण !!”

चला, लाल पेन घेते. ‘काल’ काढा. अंक दिवाळीत येणार, तुमचा काल तेव्हा कुठल्या कुठे गेलेला असेल. नावाभोवतीची चिन्हं सरळसोट आहेत. उघडणारं आणि बंद होणारं चिन्ह वेगवेगळं असतं, मोबाइलवर ते कळ दाबून धरली की मिळतं. ‘आई’नंतर बंद होणाऱ्या चिन्हाआधी जागा सुटलीय, ती नको. ‘बघितली’चं वर विट्याच्या पत्रात सांगून झालं.

आता खरी अडचण. कुठला ‘श्यामची आई’? आचार्य अत्र्यांचा १९५३चा, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तो? की सुजय डहाके यांचा २०२३चा? मी छायाचित्रणावरून ओळखायला गेले तर दोन्ही कृष्णधवल! अशा वेळी नावानंतर कंसात वर्ष हवंच. कंस अवतरणचिन्हाच्या बाहेर, कारण वर्ष नावाचा भाग नाही. एकदा दिलं की पुरे, पुढे प्रत्येक वेळी नको.

‘अक्षरशः’ यातला विसर्ग बरोबर आहे, शाबास. पण शब्दच काढा. प्रीतिसंगमाच्या गावात राहून ‘अक्षरशः पूर आला’ असं लिहिताना हात थबकायला हवा. ज्यांच्या घरात कृष्णा-कोयनेचं पाणी शिरलंय, ते तुमचे वाचक आहेत. ‘अश्रुंचा’ नव्हे, ‘अश्रूंचा’. सहा टिंबं कशासाठी? वाक्य तुटलं, बोलता बोलता गळा भरून आला, तर टिंबं तीन. विचार पूर्ण झाला असेल तर एक, आणि त्याला पूर्णविराम म्हणतात. स्वल्पविरामानंतर जागा सोडा, आधी नको. उद्गारचिन्हाआधीही नको.

उरतं ते असं : “‘श्यामची आई’ (१९५३) पाहिला. शेवटी अश्रू आवरले नाहीत. काय तो अभिनय, काय ते छायाचित्रण!”

एक उद्गारचिन्ह ठेवलं, कारण ‘काय तो’ ही वाक्यरचनाच उद्गाराची आहे. बाकीची चार तुमच्या भावनांसाठी होती. चिन्ह असतं ते वाचकाने कुठे थांबायचं, कसं वाचायचं हे सांगायला. तुम्ही किती हेलावलात हे त्याला शब्दांतून कळू दे. ओळीला चार उद्गारचिन्हं म्हणजे आमटीत पडलेली मिठाची बरणी, मग आमटी कुणी केली होती हे विचारायलाही कुणी थांबत नाही.

टिंबं कधी हक्काचीही असतात. ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ या नावात ती मध्येच आहेत, रंगभूमीवरच्या श्रेयनामावलीत घाणेकरांच्या नावाआधी येणारा तो ‘आणि’ लांबवण्यासाठी. ती गाळली तर नावातली सगळी ऐट जाते. तसंच ‘मुंबई-पुणे-मुंबई’मधल्या छोट्या आडव्या रेघांचं. त्या नावाच्या आहेत. तुमच्या वाक्यातली लांब रेघ वेगळी, दोन्हींची गल्लत नको. खरं तर लांब रेघ शक्यतो वापरूच नका, स्वल्पविराम तिचं बहुतेक काम करतो.

*

पलूसहून एक तरुण :

“ही सगळी चिन्हं इंग्रजांनी आणली. आपल्या पूर्वजांचं त्यांच्यावाचून अडलं नाही. मग आपण का पाळायची?”

अर्धं खरं आहे. मेजर थॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५०मध्ये काढली आणि तिथून मराठी गद्याला ही शिस्त लागली. त्याआधी मोडीत हात न उचलता ओळच्या ओळ लिहीत, शब्दही तोडत नसत. पण बाळा, मोडीतलं जुनं पत्र वाचून बघ एकदा. वाक्य कुठे संपलं हे ठरवायला जाणकार लागतो. तुझ्या परीक्षणासाठी जाणकार कुठून आणू?

आपलं जे होतं ते आपण सोडलेलंही नाही. हिंदीने गद्यात दंड, म्हणजे उभी रेघ, ठेवला, आपण टिंब घेतलं, पण ओवी-अभंगात दंड आजही आहे. परीक्षणात अभंगाची ओळ दिलीस तर शेवटी ॥ दे. तिथे पूर्णविराम दिलास तर मी नक्की खोडेन.

*

आटपाडीहून एक शिक्षिका :

“हिंदी आणि परदेशी चित्रपटांची नावं मराठीत कशी लिहावीत? नुक्ता द्यावा का? भाषांतर करावं का?”

ताई, नुक्ता मराठीच्या रोजच्या लेखनात नाही. हिंदीत ज खाली टिंब देऊन जो उच्चार दाखवतात, तो आपण ‘झ’ने भागवतो. म्हणून ‘मुघल-ए-आझम’. आडव्या रेघा मात्र राहू द्या. हिंदीतला चंद्रबिंदूही आपण घेत नाही, अनुस्वार देतो : ‘दो आंखें बारह हाथ’. हे नाव तुमच्यासाठी मुद्दाम घेतलं, कारण त्याचं लेखन ग. दि. माडगूळकरांचं, आणि ते तुमच्याच तालुक्यातल्या शेटफळ्याचे. जाता जाता : ‘ग. दि.’ लिहिताना प्रत्येक आद्याक्षराला टिंब आणि मध्ये जागा हवी, ‘गदिमा’ लिहिलं तर काहीच नको. आणि माडगूळकरांचा ‘गू’ दीर्घ. सांगली जिल्ह्यातून येणाऱ्या मजकुरात तरी हा ऱ्हस्व दिसू नये, एवढी माझी इच्छा आहे.

भाषांतर करू नका. ‘पथेर पांचाली’ हे ‘पथेर पांचाली’च. अर्थ सांगायचा असेल तर वाक्यात सांगा. नावात आकडा असेल तर आकडाच ठेवा : ‘३ इडियट्स’.

*

तासगावहून एक जण :

“आमच्याकडच्या बोलीतले संवाद परीक्षणात द्यायचे आहेत. शुद्ध करून देऊ का? आमचे एक काका म्हणतात, छापील मजकुरात ‘लई’, ‘इचार’ शोभत नाही.”

काकांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं ऐकू नका. पात्र “आरं, पर मला इचारलंस का?” म्हणत असेल, तर “अरे, पण मला विचारलंस का?” हा संवाद सिनेमात नाहीच. तुम्ही तो स्वतः रचला आणि अवतरणात घालून दुसऱ्याच्या तोंडी दिलात. ही चक्क खोटी साक्ष झाली.

संवाद दुहेरी अवतरणचिन्हांत, सिनेमाचं नाव एकेरीत. संवादात दुसऱ्या सिनेमाचं नाव आलं तर दुहेरीच्या आत एकेरी. बोलीतल्या शब्दापुढे कंसात प्रमाण रूप देऊ नका. वाचक तासगावचा असेल तर त्याचा अपमान होतो, पुण्याचा असेल तर त्याला संदर्भाने कळतं. फक्त एक करा : एकाच परीक्षणात ‘लई’, ‘लय’ आणि ‘लै’ असं तीन तऱ्हांनी नको. जे कानाला ऐकू आलं ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तसंच लिहा. तुमचं स्वतःचं निवेदन कुठल्या मराठीत असावं, ते तुमचं तुम्ही ठरवा. प्रमाण असेल तर प्रमाण, तासगावी असेल तर तासगावी. मी दोन्ही तपासते.

नटाचं नाव कंसात द्यायचं, पात्राचं बाहेर, कारण गोष्ट पात्राची चाललेली असते. तेही पहिल्याच उल्लेखाला. प्रत्येक वाक्यात कंस उघडलात तर परीक्षण हजेरीपट वाटेल.

*

आता फुटकळ.

इस्लामपूर रस्त्यावरचे एक दुकानदार विचारतात, तारे किती द्यावेत? आपल्या अंकात तारे नाहीत. साडेतीन ताऱ्यांतला अर्धा तारा कशाचा, हे मला आजवर कुणीही समजावून सांगू शकलेलं नाही.

जतहून विचारलंय, शेवट फोडायचा असेल तर कंसात लिहून चालेल का? कंसातला मजकूरही लोक वाचतात हो. उलट कंस दिसला की आधी तोच वाचतात.

वाळव्याहून : परीक्षणाच्या शेवटी ‘जरूर पहा’ लिहावं की ‘जरूर पाहा’? क्रियापद पाहणे, म्हणून आज्ञार्थ ‘पाहा’. पण तुमच्या परीक्षणाची प्रत मी वाचली आहे, आणि वरच्या सगळ्या मजकुरानंतर ती ओळ लागतच नाही. खोडली आहे.